त्रेचाळीस नातेवाईक

अक्षय तृतीयेचा दुसरा दिवस. आमच्या शेतकरी गटाची बैठक शाळेच्या व्हरांड्यात. त्रेचाळीस सभासदांपैकी एकोणचाळीस हजर. तपासनिसाचं मानधन वर्षाला बारा हजार ठरलं. ज्यांचं ठरलं ते मामाजी त्या वेळी हळदीच्या पोत्यात डोकं घालून वास घेत होते.

"ठरलं ना? मंग मले काम करू द्या," पोत्यातूनच आवाज आला.

आमची सेंद्रिय हळद व्यापाऱ्यामार्फत जर्मनीला जाते. तिच्यात रासायनिक औषधाचा अंश सापडला की माल साधा ठरतो आणि वरचा भाव जातो. म्हणून गटातलाच एक माणूस सगळी वावरं वर्षातून दोनदा तपासतो. मामाजी हे काम आठ वर्षं करत होते. "तिकडच्या मशिनचं नाक लय लंबं हाय," असं ते प्रत्येक वावराच्या धुऱ्यावर, बांधावर उभं राहून म्हणत.

तुम्ही म्हणाल, गावचा माणूस गाववाल्याला काय पकडणार? माझंच सांगतो. माझी बायको इंझोरीची, त्यांच्या आईचं माहेरही इंझोरी. एवढ्यावर मी त्यांचा जवाई झालो आणि ते माझे मामाजी. एकदा मी निंबोळी अर्क फवारताना ते आले आणि त्यांनी पंपाचं झाकण उघडून हुंगलं.

"पंप कोनाचा हाय, जवाई?"

"शेजाऱ्याचा. औषधाचाच आहे, पण धुतला दोनदा."

"पंप शेजाऱ्याचा अन् भाव जर्मनीचा, असं नाई जमत."

माझी अकरा क्विंटल हळद त्या वर्षी बाद झाली. चहा मात्र त्यांनी माझ्याच घरी घेतला, दोन कप.

मग युरोपने सेंद्रिय मालाचे नियम बदलले. गटाची वेगळी नोंदणी हवी, आणि तपासणारा शेतकऱ्याच्या नात्यागोत्यातला नको. गटाचा हिशेब माझ्याकडे असतो. नवा अर्ज आला. त्यात प्रत्येक सभासदापुढे 'तपासनिसाशी नातं' असा रकाना होता. तो मामाजींनी आपल्या हाताने भरला: काका, साडू, भाचा, मावशी, जवाई. त्रेचाळीसही घरं भरली. मी एकरांची बेरीज तीनदा तपासली. तो रकानाही वाचला. मला त्यात चूक दिसली नाही. मीही त्या माणसांना काका आणि मावशीच म्हणतो.

भाद्रपदात प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेतून फोन आला. हा तपासनीस चालणार नाही. दुसरा नेमा, नाहीतर गटाचा माल युरोपला सेंद्रिय म्हणून जाणार नाही.

मी मामाजींकडे गेलो. रक्ताचे आणि सोयरिकीचे मिळून चारच निघत होते. म्हटलं, बाकीच्या एकोणचाळीसांपुढे 'नातं नाही' असं लिहून देऊ, त्या चार वावरांना दुसरा माणूस बघू.

"सखूबाई माई मावशी नाई, असं लिवू?"

"कागदावर फक्त, मामाजी."

"अन् तुमी जवाई नाई?"

मी अर्जात माझ्या नावापुढचा रकाना पाहिला.

"कागद तिकडं वाचतेत. पन लिवाचा तं इथं बसूनच ना?" त्यांनी तपासणीची वही माझ्यापुढे सरकवली. "न्या. माल जाऊ द्या."

त्यानंतर ते कोणाच्या वावरात गेले नाहीत. पौषात हुरड्याला बोलावलं तर रस्त्यावरच थांबले.

"आत या ना, मामाजी. नियम तपासणीचा आहे, हुरड्याचा नाही."

"बारीक अक्षरात काय लिवलं असन, आपल्याले का मालूम? माया पायानं तुमचा माल कायले बाद करू?"

हुरडा मी कागदात बांधून रस्त्यावर नेऊन दिला. त्यांनी तो उभ्याने खाल्ला आणि दाणे चांगले भरलेत म्हणाले.

माघात ते शिरपूरला लेकीकडे राहायला गेले. जाताना कोणाला काही बोलले नाहीत. मला दूधवाल्याकडून कळलं.

नवा तपासनीस एका खासगी संस्थेचा, अकोल्याहून गाडीने येतो. माणूस वाईट नाही. दिवसाला बारा वावरं करतो, फोटो काढतो, सही घेतो. चहा घेत नाही, तेही नियमात बसत नाही म्हणतो.

चैत्रात हळद पास झाली. सगळ्यांना वरचा भाव मिळाला, मलाही. नव्या तपासनिसाच्या संस्थेला छत्तीस हजार दिले. मामाजींचे अक्षय तृतीयेपासूनच्या चार महिन्यांचे चार हजार निघत होते. ते घेऊन मी शिरपूरला गेलो. पैसे त्यांच्या लेकीने मोजून घेतले आणि सही केली. मामाजी आत झोपले होते.

"उठवू काय बाबाले?" तिने विचारलं.

मी नको म्हणालो.