चांगदेवाच्या पेटीतली बाई

चांगदेवानं मिशी उतरवली तेव्हाच त्याच्या बायकोच्या, ठमाबाईच्या मनात पाल चुकचुकली. आता तुम्हीच सांगा, बाप जिता असताना धडधाकट माणूस मिशी कशापायी काढील? विचारलं तर म्हणाला, "नाटकात सेनापती हाय मी. मोठी मिशी चिकटवायची, खालची आड येते." जन्मभर मीठ ओढणारा माणूस, पण उत्तर बघा कसं वकिलासारखं तयार!

सन चौतीसची गोष्ट. शेव्याच्या मिठागरकऱ्यांनी चैत्रातल्या जत्रेसाठी नाटक बसवायला घेतलं होतं. शाळेतले दिनानाथ मास्तर रोज संध्याकाळी शाळेतच तालीम घ्यायचे.

मग एक दिवस चांगदेवाच्या सदऱ्याच्या बाहीला काजळ सापडलं. पुढच्या आठवड्यात ठमाबाईचं हिरवं लुगडं दांडीवरून गायब. शेजारची आवडाबाई म्हणाली, "दिलं असंल कुना भवानीला." आवडाबाईचं काय जातंय! आगीत तेल ओतायला बाई नेहमीच मोकळी.

चांगदेव मिठावर गेलेला पाहून ठमाबाईनं त्याची पेटी उघडली. तळाशी एक वही होती. ठमाबाई दोन यत्ता शिकलेली, बोट ठेवून वाचू लागली.

'आजही त्यांची वाट पाहून डोळे शिणले. ते दुसरीपाशी असतील. मी कोणाला सांगू? विषाची कुपी उशाशी ठेवली आहे.'

ठमाबाईला घाम फुटला. दुसरी म्हणजे कोण? मी? लग्नाची बायको मी, आणि ही सटवी मलाच दुसरी म्हणते! आणि विष कुणासाठी आणलंय? अक्षर नवऱ्याचं आहे हे तिला कळणार कसं? एका घरात राहणारा माणूस बायकोला पत्र थोडंच लिहितो. पुढं वाचायचा तिला धीर झाला नाही. तिनं कपड्यांचं बोचकं बांधलं. पेणला माहेरी जायचं ठरलं, पण आधी त्या बाईचं तोंड बघायचं होतं.

संध्याकाळी वही घेऊन ती थेट शाळेत, तालमीत घुसली. "कुठं हाय ती?"

समोर हिरवं लुगडं नेसून, काजळ घालून चांगदेव उभा! कुणीतरी फिस्सकन हसलं. चांगदेवानं मान खाली घातली.

"ठमाबाई, हा आमची राणी," मास्तर म्हणाले. "राणीवर सवत येते आणि शेवटी ती विष पिते. ज्यानं त्यानं आपल्या पात्राच्या तोंडून रोज पानभर रोजनिशी लिहायची, असा माझा दंडक आहे. त्याशिवाय दुःख तोंडावर येत नाही."

 घरी आल्यावर ठमाबाई कडाडली. "राणी झालात तर सांगायचं व्हतं! सेनापती कशाला?"

"बाप घराबाहेर काढील. आनि तू हसशील."

तिचा राग काही जाईना. एकदा खोटं बोलला तो दहादा बोलेल. बोचकं दारापाशीच होतं. अजून काय काय लपवलंय बघू, म्हणून तिनं वहीचं शेवटचं पान काढलं.

'आज बाळाला जाऊन तीन वर्षं झाली. सहा दिवसांचं होतं. मी कोणासमोर रडले नाही, कामाला लागले. सगळ्यांना वाटलं, हिला काहीच वाटलं नाही.'

ठमाबाईनं बोट ठेवून ओळ पुन्हा वाचली. तिचंच पोर ते, बारशाआधी गेलेलं. दुसऱ्याच दिवशी हा बाबा टोपली घेऊन मिठावर गेला होता. त्याचा तो निबरपणा तिनं तीन वर्षं मनात धरून ठेवला होता.

"राणीला पोर हाय नाटकात?"

"न्हाय."

"मग हे?"

चांगदेव खाली बसला. "मास्तर म्हनले, मनातलं लिवा."

तिनं वही मिटली. मग हळूच म्हणाली, "नाव काय ठेवायचं व्हतं तुमच्या मनात?"

"मोरू," तो म्हणाला. इतक्या चटकन, की त्याला आठवावं लागलं नाही हे तिला कळलं.