शालन सिस्टरांचे ठिपके

गेल्या महिन्यात वॉर्डात सकाळचा राउंड चालू असताना शालन सिस्टरांच्या मुलीचा फोन आला. "मावशी, आई गेली..." एवढंच बोलली. आजूबाजूला बाळं रडत होती आणि मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले.

सिस्टर मूळच्या नेसरीच्या. आवाज असा खणखणीत, की खालच्या मजल्यावर ऐकू जावा. कोल्हापुरातल्या आमच्या छोट्या प्रसूतिगृहात मी नवखी नर्स म्हणून लागले, तेव्हा त्या निवृत्तीला टेकल्या होत्या. त्या थंडीत नवजात बाळं गार पडायला लागली. एकाला तर मोठ्या दवाखान्यात हलवावं लागलं. वाचलं, पण सगळे हादरले. बहुतेक वेळी ड्यूटी माझीच. डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." मी रडत बॅग भरत होते, तेवढ्यात सिस्टर डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या. "पंधरा दिवस द्या मला. मग पोरीला काढा, न्हायतर मला काढा."

मुलीच्या वहीतला आलेखाचा कागद त्यांनी भिंतीवर लावला. प्रत्येक बाळाच्या अंगाचं तापमान मोजायचं, त्या पाळीच्या नर्सच्या नावापुढं एक ठिपका द्यायचा. मधून सरासरीची रेघ. थोडं वरखाली व्हायचंच, त्यावरून कुणाला बोलायचं नसतं, असं त्या म्हणायच्या. फार खाली घसरलेल्या ठिपक्यांना मात्र लाल गोल. माझ्या पाळीत लाल गोल खरंच जास्त निघाले. "राहू दे सिस्टर," मी म्हटलं. "गप की! ठिपका कुणाचा पावणा न्हाय. त्याला इचारायचं, तू आलास कुठनं?"

मग तेच ठिपके त्यांनी नव्यानं मांडले. या वेळी नर्सप्रमाणे नाही, तर बाळ कुठं जन्मलं त्याप्रमाणे. साध्या बाळंतपणाची बाळं रेघेजवळ होती. लाल गोल जवळजवळ सगळे सिझेरियनचे... गार ऑपरेशन थिएटरातून उघड्या व्हरांड्यानं वॉर्डात आणलेल्या बाळांचे. आणि नवी म्हणून थिएटरची पाळी मलाच जास्त लागायची.

दुसऱ्या दिवसापासून थिएटरातच शेकलेलं दुपटं, टोपडं आणि बाळ आईच्या छातीशी. ठिपके हळूहळू रेघेकडे चढले. डॉक्टर स्वतः येऊन मला म्हणाले, "चुकलं माझं." आज वॉर्ड मी सांभाळते.

परवा एका बाळंतिणीनं विचारलं, "ताई, बाळ उचलायच्या आधी तुम्ही तळहात का चोळता?" माझ्या ध्यानातही नव्हतं. सिस्टर चोळायच्या. हात ऊन झाल्याशिवाय त्या कधी बाळाला शिवल्या नाहीत... मी हात पुन्हा चोळले, बाळ उचललं. ते दचकलं नाही.