मढचे काका आणि आमची छोटी नदी

फ्लाय फिशिंगचं वेड लागल्यापासून आमच्या हाती मासे कमी आणि किस्से जास्त लागलेत. मासा आम्ही सोडून देतो, किस्सा काही सुटत नाही.

आम्ही म्हणजे मी, तुषार आणि सिद्धार्थ. गळाला पिसं आणि दोरा बांधून खोटी माशी करायची, ती पाण्यावर अलगद टाकायची, मासा लागला की हळूच सोडवून परत नदीत. नदीवर प्रेम करायचा याहून सभ्य मार्ग मला तरी माहीत नाही. हे मी कोणालाही, कोणी न विचारता, सांगते.

*

पिसांसाठी मी आणि सिद्धार्थ विक्रोळीच्या एका चिकनवाल्याकडे गेलो. म्हटलं, "कोंबडी नको, फक्त मानेची पिसं द्या."

त्याने सुरी खाली ठेवली. "ताई, कोणावर काय करताय ते मला सांगू नका. फक्त माझ्या दुकानाचं नाव कुठे घेऊ नका."

*

गळ फेकायची प्रॅक्टिस मुलुंडला, आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर. पहिल्याच झटक्यात तुषारची दोरी जोशीकाकूंच्या वाळत घातलेल्या साडीत गुरफटली.

काकू शांतपणे साडी सोडवत म्हणाल्या, "एवढी लांब दोरी आहे, तर कपडे तरी वाळत घाला."

*

सिद्धार्थचं सुजातावर प्रेम. सुजाता मढची, घरची मासेमारीची बोट. लग्न तिच्या बाबांच्या होकारावर अडलेलं, आणि ते ना हो म्हणत होते ना नाही. शेवटी सिद्धार्थच त्यांना म्हणाला, "काका, एकदा आमच्यासोबत नदीवर चला ना."

तुषारने कपाळाला हात लावला. "लेका, बोटवाल्याला मासेमारी दाखवणार? वाट लागली तुझी."

*

कर्जतच्या पुढे आमची नदी. गुडघाभर पाणी. काकांनी ती या काठापासून त्या काठापर्यंत बघितली.

"ही नदी? मग पावसात आमच्या गल्लीत असते ती काय?"

मी लगेच मासे सोडण्यामागचं तत्त्व समजावायला घेतलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे त्याला खोटं जेवण दाखवायचं, ओढून आणायचं आणि उपाशीच घरी पाठवायचं?"

मी तोंड उघडलं. सिद्धार्थने माझ्या पायावर पाय दिला.

*

दुपारपर्यंत काही लागलं नाही. मग सिद्धार्थची काठी एकदम वाकली. चांगला हातभर, चंदेरी मासा. एवढा मोठा आमच्यापैकी कोणालाच कधी लागला नव्हता.

काका झाडाखालून उठून पाण्यात आले. खिशातून कापडी पिशवी काढली, उघडून धरली. "टाक."

सिद्धार्थने माझ्याकडे बघितलं. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, तत्त्व गेलं खड्ड्यात, टाक बाबा.

तो खाली वाकला. गळ काढला. मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवला, त्याने शेपटी हलवली तसा सोडून दिला.

"सॉरी काका."

काकांनी पिशवीची घडी घातली आणि खिशात ठेवली. परतताना तुषारने गाडीत गाणीसुद्धा लावली नाहीत.

मालाड आलं तेव्हा काकांचा फोन वाजला. सुजाता होती. आमच्या तिघांचेही कान टवकारलेले.

"हो गं, पोरगा चांगला आहे," काका म्हणाले. "पण ऐक, लग्नानंतर मासळीबाजारात तू जायचं."