कावळा शिवला त्या दिवसाची कथा

त्या अमेरिकन कादंबरीकाराला मोठं पारितोषिक मिळालं, तेव्हा कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. एकदा आमच्याकडे येऊन गेला होता ना तो! मी साधा अंगठाही टाकला नाही.

दुबईतल्या एका पुस्तक महोत्सवाला आला असताना त्याला कामगारांच्या खोल्या बघायच्या होत्या. मी तिथल्या इन्व्हेस्टमेंट्स पार्क या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात स्टोअरकीपर. मॅनेजर म्हणाला, "साहब को कॅम्प दिखा दो, तेरी इंग्लिश अच्छी है." गाडीत लेखक स्वतःबद्दलच बोलत होता. बाप लाकडाच्या गिरणीत, हाही तिथेच बारा वर्षं. पहाटे उठून लिहायचा. पहिल्या तीन कादंबऱ्यांना कुणी विचारलं नाही. मी हुरळलो. आपल्याच जातकुळीतला माणूस भेटला, असं वाटलं.

"तुम्हीही लिहिता?" त्यानं विचारलं.

सात वर्षं एक कथा घोळवत होतो मी. पण आपल्याकडे कुणी असं विचारलं, की आधी नाहीच म्हणायचं आणि दुसऱ्यांदा विचारलं की थोडं कबूल करायचं. "छे हो, कसलं लेखन," मी म्हणालो. त्यानं दुसऱ्यांदा विचारलंच नाही.

मग पाहुण्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून मी ती कथाच सांगून टाकली. माझ्या खोलीतल्या रत्नागिरीकडच्या वेल्डरचे वडील गेले. सुट्टी मिळाली नाही. गावच्या भटजींना फोनवर विचारून दहाव्याला आम्ही गच्चीवर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. भर उन्हात दोन तास. वेल्डर हात जोडून म्हणत होता, "बाबा, आईला बघेन. ताईचं लग्न करून देईन." कावळा कठड्यावरून हलेना. वॉचमन ओरडला, "यल्ला, खलास करो, नीचे आओ." शेवटी वेल्डर म्हणाला, "बाबा, मी कायमचा परत येतो," आणि कावळा उतरला. वेल्डर अजून इथेच आहे.

लेखकानं वहीत सगळं टिपून घेतलं. अडलं तिथे मीच उत्साहानं समजावून दिलं.

पारितोषिक मिळालेल्या त्याच्या कादंबरीचा शेवट तोच आहे. फक्त कावळ्याचा ससाणा झालाय, वाळवंटात तो जास्त शोभतो म्हणून असेल. मुलाखतीत तो म्हणाला, ही गोष्ट एका स्टोअरकीपरनं सांगितली, आपल्याकडे काय आहे हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. सात वर्षं ठाऊक होतं. त्याचा राग आलाच, पण त्याहून जास्त माझ्या स्वतःच्या तोंडाचा आला.

गेल्या महिन्यात हट्टानं मी माझी कथा पुण्याच्या एका दिवाळी अंकाला पाठवली. संपादकांचं उत्तर सभ्य होतं. गाजलेल्या कादंबरीवर बेतलेलं लेखन आम्ही घेत नाही, त्यांनी लिहिलं होतं, आणि ससाण्याच्या जागी कावळा आणल्यामुळे मूळ प्रसंगाची उंचीही गेली आहे.