काळ्याच्या घोंगडीवर

आमच्या चांदी कुत्रीच्या जबड्यात पिल्लाची मान होती. पिल्लू ओरडतही नव्हतं, नुसते मागचे पाय झाडत होतं. मायने चुलीतलं जळतं लाकूड उपसलं तसा आक्काने तिचा हात धरला. "मारू नगंस माय. मारलंस तर ती दात आवळंल." मग आम्ही तिघी तशाच उभ्या राहिलो...

आक्का, माझी थोरली बहीण, गेल्या महिन्यात गेली. नव्वदी ओलांडलेली. सकाळी चहा पिऊन भिंतीला टेकली ती टेकलीच. भाच्याचा फोन आला तेव्हा माझी भाकरी तव्यावर होती. ती भाजून घेतली आणि निघाले. दहाव्याला जो तो म्हणत होता, म्हातारी फार मायाळू होती. कशाची मायाळू? तोंडाने फटकळ होती, लेकरांना जवळ घेणं तिला जमायचं नाही. पण जनावर तिला कळायचं.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं साल. आमची मेंढरं अणदूरच्या बाजूच्या माळावर होती. रझाकारांच्या भीतीने बा आणि चुलते हद्द ओलांडून सोलापूरकडे गेले होते. मेंढरं घेऊन हद्द ओलांडणं सोपं नव्हतं, म्हणून माय, आक्का आणि मी मागे राहिलो. आमच्याकडे दोन कुत्री होती. काळ्या कळपाच्या पुढे चालायचा, चांदी मागून. काळ्याला ओढ्यात लांडग्याने भरदुपारी फाडला. त्या दिवसापासून चांदी त्याच्या घोंगडीच्या तुकड्यावर पडून राहिली. भाकरी टाकली तर तोंड फिरवायची, मेंढरं निघाली तरी उठायची नाही. लांडग्याला हे लगेच कळलं. आधी एक कोकरू गेलं, मग दुसरं. आम्ही मेंढरं काट्याच्या कुंपणाच्या वाड्यातच कोंडली आणि पाला तोडून घालू लागलो. पाला किती दिवस पुरणार? कळप गेला तर बा परत येऊन काय बघणार, हीच एक धास्ती मायच्या तोंडी असायची.

शेजारच्या भिवातात्यांच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. ती भाकरी खायला लागलेली, आईपासून सुटी झालेली होती. आक्का चांदीच्या गळ्यात दोरी बांधून तिला ओढतच तिकडे घेऊन गेली, मीही मागोमाग गेले. तात्या हसले.

"हिला कशाला आणलीस? सोयरीक बघाया?"

"व्हय तात्या. नांदायचं तिला हाय, मला न्हाय."

तात्यांनी एक दांडगं पिल्लू मानेला धरून उचललं. "हे ने. ईसनखी हाय, नखं मोज. उचललं तरी कुंई करत न्हाय. लांडग्याला फाडंल." वीस नखांचं कुत्रं शूर, असं आमच्यात सगळे मानतात. बा सुद्धा तसंच बघून आणायचे.

"लांडग्याचं मागनं बघू. आदी ही उठाया पायजे."

ईसनखी थेट चांदीच्या तोंडावर उडालं. तिने मान फिरवली. एक पिल्लू आईखाली दडलं. एक तांबडी पिल्ली मात्र जवळ आली, चांदी गुरगुरली, तशी ती जागीच बसली. पळाली नाही, भुंकली नाही. थोड्या वेळाने पुन्हा पुढे सरकली. चांदी गुरगुरली, ही पुन्हा बसली.

"हीच," आक्का म्हणाली.

"कुत्री? अन् अठराच नखं! बापाला काय सांगशील?"

"सांगंन, तात्यांनी फुकट दिली."

घरी आलो. आक्का पाण्याला गेली आणि मायने रीतीप्रमाणे केलं. मेलेल्या कुत्र्याची घोंगडी नव्या पिल्लाला द्यायची, म्हणजे राखण त्याच्या अंगात उतरते, असं धनगर पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. पण त्या घोंगडीवर दुसरं कुत्रं पडून असलं तर काय, हे कुणी सांगितलेलं नव्हतं. मायने गळ्यातल्या दोरीने ओढून चांदीला उठवलं आणि पिल्लीला तिथं ठेवलं. चांदी वळली. आक्का घागर घेऊन आली तेव्हा मान जबड्यात होती.

आक्काने घागर टेकवली, मायचा लाकूड धरलेला हात खाली केला. चांदीकडे गेलीच नाही. वाड्याच्या तोंडाचं काट्याचं झाप ओढून तिने मेंढरांना हाळी दिली, "हुर्रर्र..."

"आगं येडी झालीस का?" माय किंचाळली. "संगं कुत्रं न्हाय, वढ्यात लांडगा हाय!"

"ठावं हाय. पर आज ती उटलीया," आक्का म्हणाली आणि माझ्या हातात काठी दिली. "चल. मागं बघू नगंस. तू बघितलंस की ती बी तितंच थांबंल."

भुकेली मेंढरं सरळ ओढ्याकडे निघाली. मागून पिल्लाचा आवाज नाही, मायचा नाही. पुढची मेंढरं काठाला पोचली, खाली उतरू लागली... आक्काचे ओठ पांढरे पडलेले मला दिसत होते, पण पाय थांबत नव्हते. तेवढ्यात माय ओरडली, "सोडलं गं, सोडलं!"

चांदी आमच्या शेजारून गेली. ती मागे राहिली नाही, थेट कळपाच्या पुढे गेली, काळ्याच्या जागी. आणि मागे, जिथं ती स्वतः चालायची तिथं, तांबडी धडपडत येत होती. मान ओली, थोडं रक्त. चांदी वळून तिच्यावर एकदा गुरगुरली. ती बसली, मग पुन्हा चालू लागली.

घोंगडी आक्काने बाभळीला टांगली, कुणालाच दिली नाही. पुढे माय गेली तेव्हा तिचा चुलीजवळचा पाटही आक्काने बरेच दिवस कुणाला घेऊ दिला नाही. दहाव्याला भाच्याच्या सुनेने माझ्यासाठी सतरंजी टाकली ती नेमकी आक्काच्या जागी. भिंतीवर तिच्या डोक्याचा तेलकट डाग अजून आहे. मी म्हटलं, "राहू दे. मी दाराशी बसते."

पावसाळा सरता सरता राज्य बदललं, बा आणि चुलते परत आले. कळप जवळजवळ सगळा होता. चांदी म्हातारपणाने मेली, तांबडी तिच्यामागे पुष्कळ वर्षं राहिली. माय, बा, तात्या आपापल्या वेळेला गेले. त्या दिवशी ओढ्याकडे निघालेल्यांतली आता मी एकटी आहे.