आलूच्या रंगाची साडी

हिवाळ्यात बालाघाटची सकाळ उशिरा उठते. वैनगंगेवरून आलेलं धुकं गल्लीत रेंगाळत राहतं, मोटारसायकलचा आवाज आधी येतो आणि माणूस मागून. अशाच एका रविवारी मी शेतकऱ्यांच्या बाजारात गेले होते. बिरसा तालुक्याकडची माणसं कोदो-कुटकीसारखी भरड धान्यं, मध, रानातले कंद घेऊन येतात आणि ताडपत्र्या पसरून बसतात. काही घ्यायचं नसलं तरी मला तिथे जायला आवडतं. धुक्यात भाज्यांचे रंग अजून पुरते ठरलेले नसतात, असं मला नेहमी वाटतं.

एका बाईच्या टोपलीत मातीने माखलेले लांबट आलू होते. मी नुसती पाहत उभी राहिले, तर तिने विळ्याने एक कापून माझ्या हातावर ठेवला. आतून जांभळा! सालीपासून गाभ्यापर्यंत, पिकल्या जांभळासारखा.

"पूरा जामुनी है दीदी, उबालोगी तो भी रंग नहीं जाएगा," ती म्हणाली.

असल्या गोष्टींना मी लगेच भुलते. पिशवी भरून घेतले आणि घरी येईपर्यंत डोक्यात त्या रंगाचा भात, त्या रंगाचे पोहे, असलंच काहीबाही शिजत होतं.

घरी आम्ही दोघीच, आई आणि मी. बाबा भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत होते. ते होते तोवर रोज संध्याकाळी आई मोरीत बसून त्यांचे कपडे धूत असे आणि काळं पाणी वाहत अंगणापर्यंत जाई. कितीही घासलं तरी मँगनीज पुरतं निघत नसे. बाबांच्या बनियनला, उशीच्या अभ्र्याला, अगदी आमच्या लहानपणालाही त्याची छटा होती. तेव्हापासून काळं काही दिसलं की आईला आधी मँगनीजच आठवतं.

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, पण ती काही बधेना. "मले सगळं दिसते," हे तिचं ठरलेलं उत्तर. स्वयंपाकात तिचा हात कधी चुकत नसे, त्यामुळे मला वादही घालता येत नसे. मीठ बोटांना कळायचं, फोडणी नाकाला. डोळ्यांचं काम तिने केव्हाच इतरांना वाटून दिलं होतं.

त्या दिवशी मी अंघोळ करून बाहेर आले तेव्हा आलूची पिशवी रिकामी होती आणि शेजारच्यांची गाय दारात उभी राहून मजेत काहीतरी चघळत होती.

"आलू कुठं आहेत?"

"देले गाईले," आई शांतपणे म्हणाली. "मँगनीज चढलं होतं त्याच्यात. कापला तं आतून काळाठिक्कर. उकव्याच्या खाणीकडच्या वावरातले असतीन. तू पाहून नाही घेत काय?"

माझा पारा चढला. एवढ्या हौसेने आणलेले आलू गाईच्या पोटात! एक आलू ओट्याखाली घरंगळला होता, तो मी उचलला, कापला आणि अर्धा तिच्या डोळ्यांपुढे धरला.

"हे काळं आहे? जांभळं आहे हे, आई!"

"मले जांभळं समजत नाही काय?"

"नाही समजत! हे पाह्य," म्हणत मी तो अर्धा आलू तिच्या पदराला लावला. "तुह्या साडीचाच रंग आहे. जसाच्या तसा."

आईने पदर हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, दूर नेला.

"माही साडी राखाडी आहे," ती म्हणाली.

ती साडी तिने स्वतः निवडली होती. बाबा गेल्यावर कुणी काही सांगितलं नसताना आईने रंग सोडले होते. पांढरट, मातकट, राखेसारखं, तेवढंच ती नेसायची. मला त्याचा राग यायचा, पण तिच्याशी बोलायची हिंमत होत नसे. मग एके दिवाळीला दुकानात साड्यांच्या ढिगातून तिने नेमकी ही ओढून काढली. जांभळी, चांगली गडद जांभळी. "हे दे," म्हणाली. मी एक शब्द बोलले नाही. बोलले तर ती परत ठेवील, अशी भीती वाटली. ती साडी नेसून ती बाहेर पडली की मी दारातून बघत राही. रस्त्यावरून एक जांभळा ठिपका लांब जाई आणि मला वाटे, चला, आई परत आली. किती दिवस मी त्या एका गोष्टीवर खूश होते!

"रंगाची साडी मी काहून घेईन?" आईने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं.

त्याच दुपारी तिने साडीची घडी घालून पेटीत तळाशी ठेवली. आणि संध्याकाळी, न विचारता, म्हणाली, "डोळ्याचं करून टाकू."

ऑपरेशन झालं, आधी एका डोळ्याचं, मग दुसऱ्याचं. चुलीच्या वाफेपासून लांब राहायचं होतं, म्हणून काळा चष्मा लावून ती अंगणात खाटेवर बसायची आणि मी केलेल्या भाजीला नावं ठेवायची. चष्मा निघाला तसं मग एक वेगळंच सुरू झालं. निळी बादली बघून ती हसायची. आभाळाकडे बघत बसायची. शेजारच्या भिंतीवरची गोकर्णाची फुलं तिने मला तीनदा दाखवली, जणू ती आजच आली होती. घर तेच होतं, पण आई त्यात पाहुण्यासारखी हिंडत होती. पेटी मात्र ती उघडत नव्हती, आणि मीही तिकडे बघत नव्हते. आता ती साडी कुणाला तरी देऊन टाकील, हे मी धरूनच चालले होते. माझी आई परत आलीच नव्हती, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तिला फक्त नीट दिसलं नव्हतं. एवढंच खरं होतं आणि मला ते नको होतं.

हिवाळा सरता सरता ती माझ्याबरोबर बाजारात आली. आलू तिनेच निवडले, एकेक हातात फिरवून. घरी उकडले तर पाणी निळसर झालं. ते ओतून न देता ती बराच वेळ पातेल्यात बघत राहिली. हळदीचा डबा उचलला आणि परत ठेवला.

"हळद टाकली तं मातेरं होईन याचं," म्हणाली.

मग नुसतं जिरं, हिरवी मिरची, मीठ. वरून सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. शेवटी लिंबू पिळलं, तर पडेल तिथे जांभळ्याचं गुलाबी होत गेलं. आम्ही दोघी कढईवर वाकून बघत होतो. खिडकीतून दुपारचं ऊन थेट ओट्यावर आलं होतं.

ताटं वाढली. बसता बसता आई उठली, आत गेली, आणि पेटीचं झाकण वाजलं. माझा घास हातातच राहिला. ती साडी घेऊन आली, ताटाशेजारी बसली, मांडीवर घडी उलगडली. आलूची एक फोड उचलून तिने पदराजवळ धरली, मी धरली होती तशीच.

"हे नेसून मी लग्नात गेलती," ती म्हणाली. "मयतीत गेलती. कोणी काही म्हटलं नाही?"

"नाही."

"अन् तू काहून नाही म्हटलं?"

"मले वाटलं, तुले आवडली म्हणून घेतली."

ती काठावरून बोट फिरवत राहिली, उन्हात एकदा पदर धरून पाहिला. मला वाटलं, आता घडी घालील.

"तवा नोती आवडली," आई म्हणाली. "आता आवडली."

आणि ताट बाजूला सारून ती नेसायला उठली.