शुक्रवारचा ठराव

शुक्रवारी मी घराबाहेर पडत नाही. राहनाळात सगळ्यांना वाटतं, भाऊंचे गुडघे गेले. वाटू दे. गुडघे गेलेतच, खोटं कशाला बोलू — पण ते काय फक्त शुक्रवारीच दुखतात?

भिवंडीत शुक्रवारी माग बंद असतात. बाकी सहा दिवस ती खटखट चालू असते, आणि आम्हा लोकांना ती ऐकूसुद्धा येत नाही. पाहुणा आला की म्हणतो, अहो, झोपता कसे तुम्ही? आम्ही म्हणतो, कसली खटखट? पण शुक्रवारी गाव गप्प झालं, की त्या गप्प गावात खोकला ऐकू येतो. या खोलीतून, त्या गल्लीतून, मशिदीमागून, चाळीच्या जिन्यावरून. कोरडा, लांब, मध्येच थांबून पुन्हा उठणारा. सूत फुफ्फुसात गेलेल्या माणसांचा.

तो मला ऐकवत नाही. का, ते मी आजवर कुणापाशी बोललो नाही. भाषणं आयुष्यभर केली, माईक दिसला की घसा साफ करायचा ही सवय. पण हे एक घशात राहिलं. तुम्ही आज बसलाच आहात, मलाही कंटाळा आलाय — लपवायचा कंटाळा येतो हो, फार येतो — तर ऐका.

आमदार होतो मी. नव्वदच्या आधीची गोष्ट, माझी पहिलीच टर्म. शेलार गावच्या विमलताई आमच्या दवाखान्यात नर्स होत्या. बौद्धवाड्यातल्या. बोलायला फटकळ, कामाला वाघीण. निवडणुकीत माझ्यासाठी दारोदार फिरल्या, एका पैचंही काही मागितलं नाही. मागितलं ते एकच. त्यांचे यजमान दिनकरराव मागावर फिटर होते, आणि दोन-तीन वर्षं खोकत होते. भिवंडीत छातीचं हॉस्पिटल न्हाय, ठाण्याला न्यायचं तर वाटेत ट्रकांचा खोळंबा. एका शुक्रवारी त्यांनी मला त्यांच्या चाळीत नेलं, जिन्यात उभं केलं आणि म्हणाल्या, "भाऊ, बोलू नका. ऐका नुसतं." मी ऐकलं. किती दारांतून तो आवाज येत होता! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. खरंच आलं. ते खोटं नव्हतं, एवढं तरी लक्षात ठेवा. मी शब्द दिला — मागकामगारांसाठी छातीचं सरकारी हॉस्पिटल, भिवंडीतच.

नागपूरच्या अधिवेशनात माझ्या ठरावाची चिठ्ठी निघाली. सरकारचे नसलेले, आम्हा साध्या आमदारांचे ठराव शुक्रवारी येतात. कुणाचे घ्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. चिठ्ठी निघाली हे नशीब. भिवंडीला फोन लावून मी विमलताईंना सांगितलं, तर त्या रडायलाच लागल्या.

तो आठवडा कसा होता सांगू? सोमवारपासून मतंच मतं. पुरवणी मागण्या, मग एक विधेयक, मग दुसरं. खंड अमुक, खंड तमुक, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. आम्ही म्हणायचं होय. संमत. पुढचं. कशाला होय म्हटलं ते अर्ध्या जणांना ठाऊक नसायचं, उरलेल्यांना झोप आलेली असायची. बाहेर थंडी, आत माणसांची ऊब आणि तो एकसुरी आवाज. बुधवारपर्यंत माझं तोंड आपोआप उघडायला लागलं. मानेला फक्त डुलायचं काम. माणूस असा थकला, की त्याच्याकडून काहीही करून घेता येतं — पण थांबा, हे मी सबब म्हणून सांगत नाही. सबब नकोच आहे मला. झालं ते कसं झालं, तेवढं सांगतोय.

गुरुवारी दुपारी आमच्या पक्षाचे मुख्य प्रतोद — कुणी कुठे मत टाकायचं ते बघणारा माणूस — मला कँटीनच्या दाराशी भेटले. माझं कोपर धरलं आणि प्रेमानं म्हणाले, उद्या मंत्री आश्वासन देतील, तुम्ही ठराव मागे घ्या. इतकंच. धमकी नाही. लालूच नाही. मला आता असं फार वाटतं, की त्यांनी काहीतरी द्यायला हवं होतं. महामंडळ, लाल दिवा, निदान रस्त्याचं काम. म्हणजे तुम्हाला सांगता आलं असतं की मी विकलो गेलो. पण मला कुणी विकत घेतलंच नाही हो! ते फक्त म्हणाले, "आपण आपलेच ना भाऊ?" आणि मी म्हणालो, होय.

एवढ्यावर.

आता शुक्रवार. दुपारनंतर सभागृह रिकामं व्हायला लागलं, ज्याला त्याला गाडी पकडून घरी जायची घाई. आमच्या बाकांवर तर अगदीच तुरळक माणसं. माझ्या मागच्या बाकावर तळकोकणातले एक म्हातारे सदस्य बसायचे, त्यांच्या शेजारी आमच्यातलेच आणखी तिघे-चौघे. म्हातारे पुढे वाकून कुजबुजले, "तुझा ठराव चांगला हाय. तू जिकडं, तिकडं आम्ही." मी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

भाषण केलं मी. चांगलं केलं. जिन्यातला खोकला सांगितला. मंत्री उठले, म्हणाले, शासन योग्य वेळी सहानुभूतीने तपासून पाहील. योग्य वेळी! मी लगेच उभा राहिलो आणि म्हणालो, आश्वासनावर विश्वास ठेवून मी ठराव मागे घेतो. अध्यक्षांनी विचारलं, सभागृहाची अनुमती आहे? ठराव मागे घ्यायला सगळ्यांची परवानगी लागते. एकानं जरी नाही म्हटलं, तर मतदान होतं. पण तसं कुणी म्हणत नाही. रीतच नाही तशी.

"नाही!"

समोरच्या बाकावरून आला आवाज. कासमभाईंचा. शेजारच्या मतदारसंघातले, विरोधी पक्षातले, जुने मागमालक. खाडीकाठचं त्यांचं घराणं, चार पिढ्या भिवंडीत. दिनकरराव त्यांच्याच मागांवर कामाला होते. सभागृहात सहसा तोंड न उघडणारा माणूस तो. त्या दिवशी उभा राहून म्हणाला, "अध्यक्ष महाराज, माझ्या मागावर माणसं खोकतायत. मी मालक हाय, मी बघतो रोज. मतदान घ्या."

घंटा वाजायला लागल्या. मतदानाची घंटा ऐकलीय तुम्ही कधी? थांबतच नाही. मग दारं बंद. होय म्हणणाऱ्यांनी या बाजूच्या लॉबीत जायचं, नाही म्हणणाऱ्यांनी त्या बाजूच्या. कासमभाई माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. आता तर तुला मोकळं केलं, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मागे म्हातारे उठून उभे होते. माझी वाट बघत.

मी नाहीच्या लॉबीत गेलो.

माझाच ठराव. माझंच भाषण, दहा मिनिटांपूर्वीचं. विमलताईंचा जिना. आणि मी चालत गेलो, माझ्या पायांनी, कुणी ढकललं नाही. म्हातारे माझ्या मागून आले, त्यांच्या मागून ते तिघे-चौघे. ठराव पडला. फार नाही, थोडक्यात पडला. आम्ही जेवढे त्या दारातून गेलो, तेवढे दुसऱ्या दारातून गेलो असतो, तर पडला नसता.

आता तुम्ही म्हणाल, राजकारणात चालतं असं. चालतं. एवढंच असतं, तर मी शुक्रवारी बाजारात हिंडलो असतो.

नागपूरहून परत आलो, तर विमलताई माझ्या ओट्यावर बसलेल्या. पेपरात दोन ओळी आल्या होत्या — ठराव फेटाळला, मतदानाची मागणी कासमभाईंनी केली. बाई म्हणाल्या, "हे कासमभाईंनी का वो केलं?" मी खरं बोलू शकलो असतो. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या, माझ्या दारात थुंकल्या असत्या, आणि संपलं असतं. मी म्हणालो, "मंत्री आश्वासन देतच होते ताई. मध्येच यांनी मतदान मागितलं आणि पाडला." बाई स्वतःच म्हणाल्या, "मालकच ना शेवटी. हॉस्पिटल झालं तर ह्यांची लफडी बाहेर येतील." मी मान डोलावली. आठवडाभर डोलवून सवय झाली होती तिला.

शेलारपासून काल्हेरपर्यंत पसरलं ते. मी पसरवलं नाही — छ्या, परत सबब! पसरवलं. पुढच्या निवडणुकीत व्यासपीठावरून म्हणालो, "गरिबाचं हॉस्पिटल कुणी पाडलं, तुम्हाला ठाऊक आहे." नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरजच नव्हती. माझी सभा तिकडच्या मतदारसंघातही ठेवली होती पक्षानं. विमलताई तिथंही बोलल्या, माझ्यापेक्षा चांगलं बोलल्या. मी निवडून आलो. कासमभाई पडले.

निवडणुकीच्या आधी ते एकदा माझ्याकडे आले होते. एकटे. चहाला हात लावला नाही. म्हणाले, "माझी सीट गेली तरी चालंल. राजकारण तुमचं तुमच्याकडं. पण विमलताईला तेवढं खरं सांगा. दिनकर माझ्याकडे वीस वर्षं हाय. तो माझ्याकडे बघत न्हाय आता." मी म्हणालो, "बघतो." आमदाराचा शब्द तो. बघतो म्हणजे काय, ते त्यांनाही कळलं असणार. उठले आणि गेले.

ते स्वतः का बोलले नाहीत, असं विचाराल. बोलले की! भर सभेत बोलले. पण पडेल उमेदवाराचं कोण ऐकतं? आणि मालकाचं? लोक हसले.

दिनकरराव पुढच्याच उन्हाळ्यात गेले. ठाण्याला नेत होतो आम्ही त्यांना, माझ्याच जीपमधून. काल्हेरच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली. विमलताईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मी खाली उतरून ड्रायव्हर लोकांना ओरडत होतो — हटाओ, अरे बाजू लो, पेशंट है! — आणि ओरडताना मला कळत होतं, की आपण कुणावर ओरडतोय. ते जीपमध्येच गेले.

मयताला कासमभाई आले. उंबऱ्याशी चपला काढल्या. विमलताई दारात आडव्या झाल्या. म्हणाल्या, "तुम्ही आत यायचं न्हाय." सगळी वस्ती बघत होती. मी आत होतो, मयताच्या उशाशी, घरचा माणूस म्हणून. कासमभाईंनी त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. त्यांचंही आणि माझंही. ते बोलले नाहीत. मेलेल्या माणसासमोर त्या बाईला आणखी काय सांगायचं, असं वाटलं असेल त्यांना. मी का बोललो नाही, ते मला चांगलं ठाऊक आहे. त्यांनी चपला घातल्या आणि गेले. त्या दिवशी शुक्रवार नव्हता, तरी त्यांचे माग बंद होते.

मग माझीही आमदारकी गेली. पक्षानं तिकीट कापलं. आपलेच ना, म्हणणाऱ्यांनीच. ते असो.

खरं सांगायचं ते पुढेच आहे. इथपर्यंत येईपर्यंतच दमलो मी.

दोन वर्षांपूर्वी कासमभाई वारले. सकाळी विमलताई माझ्याकडे आल्या. केस पिकलेत त्यांचे. जयभीम घातला, बसल्या, पदराशी चाळा करत म्हणाल्या, "भाऊ, मी जाऊ का मयताला? माणूस गेला आता. ह्यांना वीस वर्षं कामावर ठेवलं त्यांनी. मी त्यांना दारातून हाकललं, ते मला झोपू देत न्हाय. तुम्ही सांगाल तसं."

बघा. आता भीती कसली होती मला? आमदारकी नाही, पक्ष नाही, कुणी कोपर धरायला नाही. ना कुठली घंटा वाजत होती, ना दारं बंद होत होती. पण कासमभाईंचा मुलगा तिथं असणार, त्याला सगळं माहीत असणार, आणि विमलताई माफी मागायला लागल्या, की तो बोलणार. हे सगळं माझ्या डोक्यात त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत येऊन गेलं.

मी म्हणालो, "नको ताई. ज्यानं केलं, त्यानं केलं."

त्या मयताला गेल्या नाहीत.

परवाच्या शुक्रवारी आल्या होत्या. मी शुक्रवारी गुडघ्यांमुळे बाहेर पडत नाही, असं त्यांनाही वाटतं. नर्स ना, राहवत नाही. घरून तेल कोमट करून आणलं होतं. खाली बसल्या, माझा पाय मांडीवर घेतला. बाहेर माग बंद होते, पलीकडच्या खोलीत कुणीतरी खोकत होतं. आम्ही दोघांनी ऐकलं. "लावून घ्या भाऊ," म्हणाल्या. "तुम्ही एकट्यानं केलंत तेव्हा आमच्यासाठी."

मी लावून घेतलं.